कानातलं पाणी, नाकातला स्प्रे आणि तीस-तीसचा थीसिस

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डॉक्टर नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एमएस ईएनटीच्या पहिल्या वर्षाला आहेत. थीसिसचा विषय जवळपास ठरलाय: लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे साचणारं पाणी, म्हणजे ग्लू इअर, आणि त्यावर नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेचा उपयोग. गाइडचं म्हणणं, साठ मुलं घ्या, तिसांना स्प्रे आणि तिसांना अँटिहिस्टामिनचं सिरप. लायब्ररीतल्या जुन्या थीसिसमध्ये अशा उपचारांनी ऐंशी-नव्वद टक्के मुलं बरी झालेली दिसतात. मग विचारलंय, "साठ पुरतील ना? आणि आकडेशास्त्राची टेस्ट कोणती लावू?"

साठ पुरत नाहीत. पण ती पुढची गोष्ट झाली. ग्लू इअर बहुतेक मुलांत आपोआप जातो, आणि खरी अडचण तिथे आहे. जो आजार काही न करता जातो, त्यावर कुठलंही औषध देऊन तीन महिन्यांनी पाहिलं तर ते लागू पडलेलंच दिसतं. जुन्या थीसिसमधले नव्वद टक्के बहुधा तिथूनच आलेत. लिहिणाऱ्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांनी खरंच मोजलं असेल, फक्त औषधाबरोबर काळाचा परिणामही मोजला गेला.

आकडे पाहा. कानाच्या तीव्र संसर्गानंतर पडद्यामागे उरलेलं पाणी सुमारे ७४ टक्के मुलांत तीन महिन्यांत आपोआप निघून जातं. तपासणीत अचानक सापडलेलं, किती दिवसांपासून आहे ते माहीत नसलेलं पाणी तीन महिन्यांत जातं सुमारे २८ टक्के मुलांत. हा २८ चा आकडा कडक व्याख्येचा आहे, म्हणजे टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे दाब बदलून कानाचा पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीचा, आलेख सपाट टाइप बीपासून थेट नॉर्मल टाइप एपर्यंत यायला हवा. व्याख्या सैल केली, टाइप बी नसलं की झालं असं म्हटलं, की तोच आकडा ५६ वर जातो. औषध शून्य, फरक फक्त व्याख्येचा. याउलट तीन महिन्यांहून जुना, ठाण मांडून बसलेला ग्लू इअर सहा महिन्यांत जेमतेम पाव मुलांत जातो.

म्हणजे तुमच्या स्प्रेच्या गटात ताज्या सर्दीनंतर आलेली मुलं जास्त भरली आणि दुसऱ्या गटात जुनी, तर स्प्रे जिंकला. उलट झालं तर सिरप जिंकलं. त्यात आपल्याकडचा पाऊस. ऐरोली-घणसोली-तुर्भ्याच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये ओपीडी सर्दीच्या मुलांनी भरून वाहते, आणि दिवाळीनंतर तीच मुलं तपासली तर निम्म्यांचे कान कोरडे सापडतात. जुलैत भरती आणि ऑक्टोबरात फेरतपासणी अशा अभ्यासात दुसरा गटच नसेल, तर तुम्ही पावसाळा संपल्याचं शास्त्रशुद्ध मोजमाप केलेलं असतं.

आता स्प्रेबद्दल. हा प्रश्न कोरा नाही. ब्रिटनमध्ये चार ते अकरा वर्षांच्या, दोन्ही कानांत पाणी असलेल्या २१७ मुलांवर मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे विरुद्ध हुबेहूब दिसणारा बिनऔषधी स्प्रे अशी चाचणी झाली आणि २००९ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका महिन्यानंतर बरे झालेले औषधाच्या गटात ४१ टक्के, बिनऔषधी गटात ४५ टक्के. तीन महिन्यांनी ५८ आणि ५२. फरक नाहीच म्हणायचा. पण दुसरा आकडा पुन्हा वाचा: बिनऔषधी गटातही निम्म्याहून जास्त मुलं बरी झाली. तोंडी स्टेरॉइडचंही २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलं. ३८९ मुलं, सात दिवस प्रेडनिसोलोन, पाच आठवड्यांनी समाधानकारक ऐकू येणारी मुलं ४० टक्के विरुद्ध ३३ टक्के. हा फरक योगायोगाच्या पलीकडे गेला नाही. अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधांबद्दल तर बऱ्याच वर्षांपासून पुरावा एकमुखी आहे: ग्लू इअरला उपयोग नाही, झोप आणि चिडचिड मात्र मिळते. त्यामुळे तुमच्या गाइडनी सुचवलेला दुसरा गट म्हणजे काही न देणारा गटच आहे, फक्त पेंगुळलेला.

तरीही स्प्रेच घ्यायचा असेल तर तो कुणाला, हे नेमकं करा. ज्यांना अ‍ॅलर्जीची सर्दी आहे किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) मोठे आहेत अशा मुलांत स्प्रेचा नाकावर परिणाम होतो हे माहीत आहे, तेव्हा त्यांच्या कानाचं काय होतं हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र दुसऱ्या गटाला मिठाच्या पाण्याचा स्प्रे हवा, तोही तशाच बाटलीत, आणि बाटल्यांवर क्रमांक घालण्याचं काम तुमच्याऐवजी फार्मसीने करावं. मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मिलिग्रॅम द्रव बाहेर पडतो आणि त्यात औषध ५० मायक्रोग्रॅम असतं. बारा वर्षांखालच्या मुलाला रोज प्रत्येक नाकपुडीत एक, म्हणजे महिन्याला साठ फवारे, सहा ग्रॅम. भेटीला येताना बाटली आणायला सांगा आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. वजन दोनच ग्रॅमने घटलं असेल तर औषध दोन तृतीयांश दिवस दिलंच गेलं नाही. दहा ग्रॅम घटलं असेल तर घरात आणखी कुणाचं तरी नाक चोंदलेलं आहे. "रोज देतो" हे उत्तर मात्र दोन्ही घरांतून सारखंच येतं.

आता साठचा हिशोब. तीन महिन्यांत आपोआप ५० टक्के बरे होतात असं धरू आणि औषधाने ते ७० टक्के व्हावेत अशी अपेक्षा ठेवू. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ९१ मुलं लागतात. पंधरा टक्के गळती धरली की १०७, म्हणजे दोन्ही मिळून २१४. तीस-तीस मुलांत पकडता येईल असा सर्वांत लहान फरक ५० वरून सुमारे ८२ टक्के एवढा आहे. ग्लू इअरमध्ये इतका परिणाम देणारं औषध असतं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, कधीच अडगळीत गेलं असतं. म्हणजे तीस-तीसमध्ये दोनच शक्यता उरतात: फरक दिसणार नाही आणि तो नाही म्हणून की दिसला नाही म्हणून हे कळणार नाही, किंवा योगायोगाने मोठा फरक दिसेल आणि तो खोटा असेल.

तीस-तीस हा आकडाच वाईट आहे असं नाही. परिणाम मोठा असेल तर तो पुरतो. बीपीपीव्हीच्या, म्हणजे डोकं हलवलं की चक्कर येणाऱ्या रुग्णांत एपलीच्या युक्तीने, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवून, सुमारे ५६ टक्क्यांची चक्कर पूर्ण जाते, खोट्या युक्तीने २१ टक्क्यांची. हा फरक पकडायला प्रत्येकी २७ रुग्ण बास. ग्रोमेट घातलेल्या कानातून पाणी-पू वाहू लागला तर काय द्यावं, यावर २०१४ साली नेदरलँड्समधून २३० मुलांचा अभ्यास आला. दोन आठवड्यांनी अजून वाहणारे कान होते अँटिबायोटिक-स्टेरॉइडच्या थेंबांनी ५ टक्के, तोंडी अँटिबायोटिकने ४४ टक्के, आणि नुसती वाट पाहून ५५ टक्के. इतका फरक लहान अभ्यासातूनही उठून दिसला असता. आकडा आजारावरून आणि अपेक्षित फरकावरून ठरतो. "आमच्या विभागात सगळे साठच घेतात" हे कारण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्यात, लिहिता येत नाही, म्हणून मग एखादं सूत्र मागाहून चिकटवलं जातं. एथिक्स कमिटीत आकडेशास्त्राचा माणूस असेल तर तो ते पहिल्या मिनिटाला ओळखतो.

साठ मुलं मिळत नाहीत तेव्हा एक पळवाट हमखास निघते: तीस मुलं, साठ कान. एका मुलाचे दोन कान एकाच नाकामागे, एकाच अ‍ॅडेनॉइडच्या शेजारी असतात. एक भरला की दुसरा भरण्याची शक्यता मोठी. दोन कानांतला सहसंबंध ०.६ धरला तर साठ कानांची किंमत ३७-३८ स्वतंत्र कानांएवढीच उरते. त्यांना साठ म्हणून टेस्टमध्ये घातलं की पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, खोटी लहान येते. मोजायचं एकक मूल ठेवा. दोन्ही कानांपैकी बऱ्या, म्हणजे जास्त चांगलं ऐकू येणाऱ्या, कानाचं ऐकणं घ्या, कारण वर्गात मागच्या बाकावरून बाईंचं बोलणं त्या कानाने ऐकू येतं.

मग करायचं काय? माझं मत असं आहे की आजार ग्लू इअरच ठेवा, दोन गोष्टी बदला.

पहिली, उपचार. स्प्रेऐवजी नाकाने फुगवायचा फुगा घ्या, त्याच्या दाबाने हवा मधल्या कानात जाते. २०१५ साली ब्रिटनमधल्या ३२० मुलांच्या अभ्यासात फुगा वापरणाऱ्यांपैकी ४७.३ टक्के मुलांत एका महिन्यात किमान एक कान नॉर्मल झाला, नुसती वाट पाहणाऱ्यांत ३५.६ टक्के. तीन महिन्यांनी ४९.६ आणि ३८.३. फरक अकरा-बारा टक्क्यांचा, म्हणजे छोटा, पण धोका जवळपास नाही आणि खर्च किरकोळ. शिवाय आपल्याकडच्या घरांत, जिथे आई-वडील दोघं कामावर आणि मूल आजीपाशी, तिथे दिवसातून तीनदा फुगा फुगवणं तीन महिने चालतं का, हे तिकडच्या आकड्यांवरून कळणार नाही. हा खरोखर उघडा प्रश्न आहे.

दुसरी, मोजमाप. बरा किंवा नाही असं विचारलं की प्रत्येक मुलाकडून एकच होय-नाही मिळतं. वर म्हटलेला बारा टक्क्यांचा फरक अशा होय-नाहीतून पकडायला प्रत्येक गटात २६० च्या आसपास मुलं लागतील. ते एका थीसिसचं काम नाही. त्याऐवजी डेसिबल मोजा. बऱ्या कानाची ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी, तीन महिन्यांनी. हेच एकमेव मुख्य मोजमाप, बाकी सगळं दुय्यम. मुलांमुलांतलं प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० डेसिबल आणि कामाचा फरक ५ डेसिबल धरला तर प्रत्येक गटात ६३ मुलं लागतात. सुरुवातीचं ऐकणं हिशोबात घेऊन विश्लेषण केलं, ज्याला अँकोव्हा म्हणतात, आणि सुरुवातीचं व शेवटचं ऐकणं यांतला सहसंबंध ०.५ असेल, तर ६३ चे ४७ होतात. पंधरा टक्के गळती धरून ५६. दोन्ही गट मिळून ११२. हे जमण्यासारखं आहे. १० आणि ०.५ हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या विभागातले गेल्या दोन वर्षांतले चाळीसेक मुलांचे ऑडिओग्राम काढा, स्वतःचे आकडे मिळवा, आणि ते सिनॉप्सिसमध्ये लिहा. विचलन १२ निघालं तर संख्या वाढेल. त्याला इलाज नाही.

टेस्टचं उत्तरही यात आलं: अँकोव्हा. एक चूक इतकी रुळलेली आहे की ती चूक आहे हेच कुणाला वाटत नाही. प्रत्येक गटाचं आधी-नंतर पेअर्ड टी टेस्टने तपासायचं, एका गटाचा पी ०.००१ पेक्षा कमी आला आणि दुसऱ्याचा ०.०७, की पहिला उपचार सरस. ही तुलना दोन गटांची नाहीच. प्रत्येक गटाची तुलना त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी झाली, आणि भूतकाळाशी तुलना केली की आपोआप बरा होणारा आजार दर वेळी सुधारलेलाच दिसतो. गटाची गटाशी तुलना करा, फरक किती डेसिबलचा ते सांगा, आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या दोन आकड्यांमध्ये असावा ते आकडे) द्या. पी व्हॅल्यू सगळ्यात शेवटी.

मुलांचं वय ५ ते १० ठेवा. पाचाखाली प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे हेडफोनमधला आवाज ऐकू आला की खूण करायची तपासणी, भरवशाची होत नाही. टाळूत फट असलेली, डाउन सिंड्रोम असलेली, आधी ग्रोमेट घातलेली आणि नसेचा बहिरेपणा असलेली मुलं वगळा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्या भेटीत टाइप बी सापडला की लगेच भरती करू नका. बारा आठवड्यांनी पुन्हा बोलवा आणि तेव्हाही टाइप बी असेल तरच घ्या. नाहीतरी उपचाराच्या मार्गदर्शक सूचना तीन महिने थांबायलाच सांगतात, त्यामुळे मुलाचं काही हुकत नाही. भरती हळू होईल, पण उरलेली मुलं खरोखर अडलेली असतील.

टिंपॅनोमेट्रीत लोक फसतात ते कानाच्या नळीच्या आकारमानाकडे न पाहिल्यामुळे. मशीन "टाइप बी" छापतं आणि रेसिडेंट तेवढंच उतरवतो. सपाट आलेख तीन वेगळ्या कारणांनी येतो. मुलाच्या कानात आकारमान साधारण ०.३ ते १ मिलीच्या दरम्यान असेल तर पडद्यामागे पाणी. त्याहून बरंच जास्त असेल तर पडद्याला भोक आहे किंवा ग्रोमेट उघडं आहे. खूपच कमी असेल तर मळ आहे किंवा प्रोब, म्हणजे कानात घालायचं मशीनचं टोक, नळीच्या भिंतीला टेकलाय. म्हणून आधी मळ काढा, मग दोन वेळा मोजा, आणि आकारमान फॉर्मवर वेगळ्या रकान्यात लिहा. टाइप सीला, म्हणजे टोक उणे दाबाकडे सरकलेल्या आलेखाला, सरसकट "बरा" धरू नका. मधल्या कानातला दाब उणे २०० डेकापास्कलच्या खाली असेल तर ते सी२, आणि तिथून कान परत भरायला एक सर्दी पुरते. रडणाऱ्या मुलाची नोंद घेऊ नका, दहा मिनिटं थांबा. रोज सकाळी मशीनबरोबर आलेल्या २ मिलीच्या पोकळीवर प्रोब तपासून वहीत सही करायला लावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच पहिल्यांदा सुटतं.

चिठ्ठ्या टाकण्याकडे, म्हणजे रँडमायझेशनकडे येऊ. ओपीडी नंबर सम की विषम, सोमवार की गुरुवार, एक आड एक, यांतली एकही पद्धत रँडम नाही. कारण पुढचं मूल कुठल्या गटात जाणार हे तुम्हाला आधी कळतं. एकदा कळलं की "ही आई फुग्याच्या भानगडीत पडणार नाही, हिला उद्या बोलावू" असा विचार चांगल्या माणसाच्याही मनात येतोच. यादी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या कुणाकडून संगणकावर काढून घ्या. ब्लॉक, म्हणजे ज्यांत दोन्ही गट सारखे असतात असे चिठ्ठ्यांचे तुकडे, चार आणि सहाचे मिसळून ठेवा, म्हणजे तुकड्यातल्या शेवटच्या चिठ्ठीचा अंदाज बांधता येत नाही आणि पावसाळ्यातली मुलं दोन्ही गटांत सारखी वाटली जातात. लिफाफे अपारदर्शक, क्रमांक घातलेले, चिकटवलेले. ट्यूबलाइटसमोर धरून पाहा, आतलं दिसत असेल तर आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घाला. चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवा. संमती झाल्यावर मुलाचं नाव आणि तारीख बंद लिफाफ्यावर लिहा, ती आत उमटते, आणि मगच फोडा. लिफाफ्यांचा गठ्ठा तुमच्या ड्रॉवरमध्ये नको, सिस्टरांच्या कपाटात ठेवा.

फुग्याची आंधळी चाचणी, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते लपवलेली, होत नाही, मुलाला आपण फुगवतोय हे कळणारच. पण ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला गट कळता कामा नये. आईला सांगून ठेवता येतं. मूल मात्र खुर्चीत बसल्या बसल्या सांगतं, "काका, मी नाकाने फुगा फुगवतो!" याला थोडी युक्ती लागते. मुलाला थेट ऑडिओमेट्रीच्या खोलीत पाठवा, आधी तुमच्याकडे गप्पा नकोत, आणि हेडफोन चढवल्यावरच सूचना सुरू. शेवटी ऑडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या की त्याला मूल कुठल्या गटातलं वाटलं. त्याचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर आला तर गुपित टिकलं. ऐंशी टक्के वेळा बरोबर आला तर ते फुटलं, आणि थीसिसमध्ये तसं लिहायचं.

फुगा कसा वापरायचा ते आईला आणि मुलाला समोर करून दाखवा. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसऱ्या नाकपुडीत नळी, तोंड मिटलेलं, आणि फुगा मोसंबीएवढा होईपर्यंत नाकाने हवा सोडायची. मग दुसरी नाकपुडी. दिवसातून तीनदा. वापरून वापरून फुगा सैल पडतो आणि दाब कमी देतो, म्हणून वीसेक वेळा वापरला की, म्हणजे आठवड्याला एक, बदलायचा. वाढदिवसाचे फुगे चालत नाहीत, त्यांचा दाब प्रत्येक फुग्यागणिक वेगळा असतो. कान दुखत असेल किंवा नाकातून पिवळा शेंबूड येत असेल तेवढे दिवस बंद. भेटीला आल्यावर मुलाला तुमच्यासमोर फुगवायला लावा. कॅलेंडरवर सगळ्या खुणा आहेत आणि फुगा फुगतच नाही, असं चित्र पुष्कळदा दिसतं. अशी मुलंही विश्लेषणात त्यांच्याच गटात राहतात. ज्यांनी नीट वापरला तेवढेच मोजले की उरतात शिस्तीच्या घरातली मुलं, आणि त्यांचे कान तसेही लवकर बरे झाले असते.

वाट पाहणाऱ्या गटाची वेगळी तऱ्हा. "नुसतं थांबा सांगायला कोपरखैरण्याहून बोलावलं का?" असं पालक म्हणतात आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून काहीतरी घेतात. त्यांना रागवून उपयोग नाही. दोन्ही गटांना भेटी सारख्या, वेळ सारखा, आणि वर्गात पुढे बसवा, समोर बसून बोला या सूचना सारख्या द्या. मधल्या काळात घेतलेलं प्रत्येक औषध दोन्ही गटांत नोंदवा.

गळती कुठे होते ते आधीच ठरवून ठेवा. मे महिना, गणपती आणि दिवाळी या तीन वेळांना घरं रिकामी असतात. फेरतपासणीची तारीख भरतीच्याच दिवशी कॅलेंडरवर पाहून ठरवा आणि दोन्ही बाजूंना दहा दिवसांची मुभा ठेवा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत रोजंदारीवर असलेल्या बापाला आठवड्यातल्या सकाळी येणं म्हणजे दिवसाची मजुरी. शनिवारची दुपार ऑडिओलॉजिस्टकडून मागून घ्या आणि प्रवासखर्च देणार असाल तर एथिक्स कमिटीकडून आधी मंजूर करून घ्या. दोन फोन नंबर घ्या, एक शेजाऱ्यांचा. बरं झालेलं मूल येत नाही आणि कान फुटलेलं दुसऱ्या दवाखान्यात जातं, त्यामुळे जे आले तेवढ्यांवरून काढलेलं उत्तर कुठल्या दिशेला झुकेल हे सांगता येत नाही.

संमतीपत्रकाचं मराठी स्वतः लिहा. संस्थेच्या जुन्या नमुन्यांत "यादृच्छिक पद्धतीने वर्गीकरण" असं काहीतरी असतं. ते वाचून सही करणाऱ्याला काहीही कळलेलं नसतं. "तुमचं मूल कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही निवडता येणार नाही" हे सगळ्यांना कळतं. त्याच्याच खाली: "मधेच बाहेर पडलात तरी इथले उपचार चालूच राहतील." आणि: "फुगा न वापरताही पाणी आपोआप जाऊ शकतं." हे तिसरं वाक्य गाळायचा मोह होतो, कारण ते वाचून काही पालक नाही म्हणतात. म्हणू देत. हिंदी प्रतही हवीच, आणि दोन्ही प्रती दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून ताडून घ्या. आई-वडिलांची लेखी संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांपासून पुढच्या मुलाची त्यांच्यासमोर तोंडी होकाराची नोंद, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

नोंदणीचं एका परिच्छेदात. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं की सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंद करा, ती फुकट आहे, थीसिसलाही लागू आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त भरतीआधीच नोंद होते, पहिलं मूल घेतल्यावर दार बंद. तिथून शंका विचारणाऱ्या फेऱ्या होतात, त्यांना वेळ धरा. मुख्य मोजमाप तिथे जे लिहाल तेच थीसिसमध्ये राहिलं पाहिजे, परीक्षक हल्ली ते उघडून पाहतात. स्प्रेच घेतलात तर मान्य औषध नव्या कारणासाठी वापरलं जातं, म्हणजे २०१९ च्या नियमांतली शैक्षणिक चाचणी. ते एथिक्स कमिटीच्या अर्जात स्पष्ट लिहा.

गाइडशी बोलताना "साठ कमी आहेत" इथून सुरुवात केली तर ती वादात संपेल. आधी २००९ च्या अभ्यासाचा तक्ता समोर ठेवा, बिनऔषधी गटातले ५२ टक्के दाखवा, आणि मग ११२ चा हिशोब काढा. त्याहीआधी ओपीडीचं गेल्या जून ते मेचं रजिस्टर घेऊन एक संध्याकाळ बसा. ५ ते १० वर्षांची, दोन्ही कानांत टाइप बी असलेली मुलं महिनावार मोजा. भरतीला सोळा महिने धरले तर महिन्याला सात मुलं हवीत. बारा आठवडे थांबल्यावर निम्मी उरली आणि त्यांतल्या निम्म्या पालकांनी होकार दिला, तर पहिल्या तपासणीत महिन्याला अठ्ठावीस लागतील. रजिस्टरमध्ये अठ्ठावीस निघाली तर एकट्याने जमेल. चौदाच निघाली तर नेरूळ, कामोठे, कळवा यांपैकी दुसरं एखादं कॉलेज सोबत घ्या, चिठ्ठ्यांची यादी प्रत्येक केंद्राची वेगळी काढा, आणि दोन्हीकडच्या ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन एकाच महिन्यात करून घ्या. सात-आठच निघाली तर ग्लू इअर सोडा आणि एपली घ्या. तिथे रुग्ण जास्त येतात, निकाल बहुतेक वेळा एका आठवड्यात कळतो, आणि तुमच्या गाइडचे तीस-तीसही पुरतात.